उत्तम सहभागाचा नमुना

वडवणीजवळच्या एका खेड्यात मी शिक्षिका होते आणि नोकरी सांभाळून बाहेरून शिक्षकांचा एक अभ्यासक्रम करत होते. त्यात नवीनच खूळ निघालं, इंटरनेटवरच्या चर्चेचं. दर शनिवारी शाळा सुटली की एसटीने माजलगाव गाठायचं, अभ्यासकेंद्रातल्या एकुलत्या एक संगणकासमोर नंबर लावायचा आणि सगळ्या गटाला ईमेल पाठवायचा. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. माझं एक वाक्य टाइप होईपर्यंत मागची मंडळी जांभया देत.

पहिले दोन महिने सगळ्यांनी "सहमत आहे" एवढंच लिहिलं. मग मार्गदर्शक मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. "कुणाच्या मुद्द्याला उत्तर देताय ते आधी सांगा. मग आपल्या वर्गातला खरा अनुभव लिहा, शेवटी एक प्रश्न विचारा. आणि घाबरू नका, गटाबाहेर काही जात नाही." मॅडम मला फार आवडायच्या. त्यांच्यासारखी चापूनचोपून साडी नेसायलाही मी लागले होते.

म्हणून मी खरं लिहिलं. दिवाळीच्या आसपास माझा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. गैरहजेरी लावली तर नाव कमी होतं, वर्ष बुडतं. म्हणून हेडमास्तर त्यांची हजेरी लावायला सांगतात. तिसरीतली एक मुलगी उसाच्या फडात धाकट्या भावाला सांभाळत पाढे म्हणते, परत येऊन परीक्षा देते आणि पास होते. अशा मुलांना गावातच ठेवून शिकवता येईल का?

मॅडम इतक्या खूश झाल्या, की त्यांनी माझ्या ईमेलच्या प्रती काढल्या आणि 'उत्तम सहभागाचा नमुना' म्हणून शाळाशाळांत वाटल्या. वर माझं नाव, शाळेचं नाव, सगळं ठसठशीत.

हेडमास्तरांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "बाई, लई भारी लिवलंय तुमी. आता हजेरीपटावर बी खरंच लिवू." लाल पेन त्यांनी माझ्याच हातात दिला. गेलेल्या सगळ्या मुलांची नावं मीच खोडली.

शनिवारी मी मॅडमना जाब विचारला, तर त्या हसल्या. "अहो, तुमचं कौतुकच केलं ना!" माझा विश्वासघात झालाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या हसण्याची मला आजही चीड येते. त्यानंतर मी चर्चेत "सहमत आहे" एवढंच लिहीत राहिले.

वार्षिक परीक्षेच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. ती मुलगी केसांना तेल लावून पहिल्या रांगेत येऊन बसली. मी हजेरी घेतली, पट मिटला, तशी ती उठून उभी राहिली.

"बाई, माजं नाव घ्यायचं राह्यलं."

पुढच्या वर्षीही तिला तिसरीतच बसावं लागणार होतं. मी तिला सांगितलं, "उद्या बघू, बस खाली," आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून बसली.