भाकरीवरची वेल

सगळ्यात आधी सांगते, म्हणजे कमेंटमध्ये वाद नको — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. डहाणूच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि जे दिसेल तेच लिहायचं, ही माझी नोकरी. इथले चकव्याचे, हडळीचे अनुभव मी चहाबरोबर वाचते, मजा येते, आणि कप धुतला की विसरते. तरीही आज मी लिहितेय, कारण हा अनुभव कोणा मावसभावाच्या मित्राचा नाही. सकाळच्या लख्ख उजेडात, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हाताखाली घडलेला आहे.

माझं माहेर तलासरीचं, सासर वरोरचं. आमच्याकडे समुद्रावर निम्मी माणसं आणि डायमेकिंगमध्ये निम्मी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — डाय म्हणजे दागिन्याचा साचा. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नी-हातोडीने नक्षी खोल कोरायची. वर पत्रा ठेवून दाब दिला की तीच नक्षी उठावाने वर येते. माझे सासरे, आबा, हे काम जन्मभर करत आले. हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच वाक्य ऐकवलं असेल, "काढलेलं पोलाद परत बसत नाय." म्हणजे कमी कोरलं तर पुन्हा कोरता येतं, पण जास्त कोरलं तर ठोकळा फुकट.

२०१७ मध्ये आबांचे हात कापायला लागले. काम सुटलं. मग बोलणं सुटलं, आणि हळूहळू जेवणही. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. रिपोर्ट मीच काढलेले होते, नॉर्मलच होते. पण माणूस ताटावर बसायचा, अर्धी भाकरी चिवडायचा आणि खिडकीकडे तोंड करून बसून राहायचा. छातीच्या फासळ्या मोजता येतील इतके वाळले. निलेश, माझा नवरा, त्यांच्याकडे बघायचंच टाळायचा. मला मात्र राग यायचा. धडधाकट माणूस असा डोळ्यांदेखत विझतोय आणि आपण फक्त ताट उचलायचं, हे माझ्या स्वभावात बसत नाही.

त्याच वेळी आमचं स्वयंपाकघर नवं करायचं चाललं होतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला किचन आयलंडचं, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या ओट्याचं, वेड लागलेलं. निलेश म्हणाला, "समुद्र दाराशी, तरी हिला बेट घरात पाहिजे!" म्हटलं, पाहिजे म्हणजे पाहिजे. पडवीत आबांचं कामाचं टेबल धूळ खात होतं — जाड सागवान, डाव्या अंगाला ठोकळा बसवायची चौकोनी खाच. आबांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "लाकूड हाय. वापरा."

सुताराने पायांना जोड देऊन उंची वाढवली, खाच लाकडाने भरून सपाट केली, खाली कांदे-बटाट्यांना फळी ठोकली, वरून काळा ग्रॅनाइट टाकला. काय देखणं झालं म्हणून सांगू! शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या. मी तर परात उचलून ठेवूनच दिली. तांदळाची उकड मळायची आणि थेट दगडावर पीठ भुरभुरवून भाकरी थापायची. वर्षभर काहीच झालं नाही.

२०१८ च्या थंडीत सुरू झालं. भाकरी थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली... आणि मधोमध एक बारीक तांबूस ठिपका. खडा असेल म्हणून दगड पुसला. दुसऱ्या दिवशी ठिपक्यातून एक रेघ निघालेली. आणखी काही दिवसांनी रेघेला वळण आलं. मी भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच उलटून बघितली. पिठावर रेघ उठावाने उभी होती. तिला तवा आधी लागायचा, म्हणून ती तांबूस व्हायची.

आता उठाव यायचा तर खाली खड्डा पाहिजे. खाली होता ग्रॅनाइट, आरशासारखा. मी नख फिरवलं, पट्टी आडवी लावून बघितली, पाण्याचा थेंब सोडला. थेंब जसा पसरायला हवा तसाच पसरला. कणकेची पोळी लाटली — कोरी. उजव्या बाजूला भाकरी थापली — कोरी. तांदळाची उकड आणि डावी बाजू, जिथे खाली ती भरलेली खाच होती, तिथेच रेघ. सुताराला बोलावून दगड उचलायला लावला. तो म्हणाला, "ताई, काय हरवलं काय?" खाली लाकूड जसंच्या तसं. दगडाची खालची बाजूही कोरी.

मी घाबरले नाही. खरं सांगते, चिडले. माझ्या डोळ्यांना दिसतंय आणि कारण मिळत नाही, हे मला चालत नाही.

त्या दिवसांत तलासरीकडे जमीन सारखी हादरत होती, घरांना तडे गेले होते, लोक अंगणात झोपत होते. आई घाबरून चार दिवस माझ्याकडे राहायला आली. तिला मी मुद्दाम काही सांगितलं नाही. जेवताना भाकरी हातात घेऊन ती म्हणाली, "छान आहे गं वेल. साचा कुठून आणलास?" चला, म्हणजे माझे डोळे ठीक होते. आणि ज्यांना 'भूकंपामुळे असेल' असं लिहायचंय त्यांनी लिहावं, पण भूकंप वेल काढत नाही. एक पान झालं की दुसरं पान, असं तर नाहीच नाही.

आईचं ते वाक्य निलेशने ऐकलं. त्याने तिच्या ताटातली भाकरी उचलली, उजेडात धरली आणि मटकन खाली बसला. "पानाच्या शिरा बघ," म्हणाला, "डावऱ्या हाताच्या आहेत."

मग मला कळलं ते असं. निलेशला एक मोठा भाऊ होता, जितू. माझ्या लग्नाच्या खूप आधी काविळीने गेला, एवढंच मला माहीत होतं. तो याच टेबलावर आबांच्या हाताखाली काम शिकायचा. डावखुरा. छाप घ्यायला सगळे मेण वापरायचे, हा पठ्ठ्या आईच्या परातीतली उकडीची गोळी पळवायचा आणि शिव्या खायचा. एकदा त्याने स्वतःच्या मनाने वेलीचा डाय करायला घेतला. अर्धा झाल्यावर आबांना छाप दाखवली. आबांनी बघितली आणि म्हणाले, "हात नाय तुला. बोटीवर जा." जितूने ठोकळा तसाच खाचेत ठेवला आणि उठला. त्याच आठवड्यात ताप भरला, तो उतरलाच नाही. दिवस झाल्यावर आबांनी तो ठोकळा समुद्रात टाकला. त्यानंतर त्यांनी कधी जितूचं नाव घेतलं नाही.

"आबांना दाखवायची नाही ही भाकरी," निलेश म्हणाला. "ग्रॅनाइट काढून टाकू. टेबल जाळू."

मी म्हटलं, "का? तुझा भाऊच आहे ना? परका तर नाही." बोलून गेले खरी, पण माझं मलाच नवल वाटलं. मी आणि हे वाक्य!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताट आबांपुढे ठेवलं. भाकरीची वेल वरच्या अंगाला ठेवली आणि बाजूला उभी राहिले. या वाळलेल्या माणसाला काही झालं असतं तर निलेशने मला जन्मभर माफ केलं नसतं. आबांनी सवयीने भाकरी मोडायला हात पुढे केला आणि थांबले. बोट वेलीवरून फिरवलं. एकदा, दोनदा. मग कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा नीट आवाज ऐकला.

"माझं भिंग आण गो."

भिंगातून त्यांनी खूप वेळ बघितलं. डोळ्यांतलं पाणी भिंगावर पडलं, ते त्यांनी सदऱ्याला पुसलं, परत बघितलं. आणि म्हणाले, "देठ लुळा हाय. अजून खोल पायजे."

दुसऱ्या दिवशी देठ ताठ उभा होता.

यानंतरचे दिवस आमच्या घरातले सर्वांत चांगले होते, हे मी बेधडक लिहिते. आबा पहाटे आंघोळ करून आयलंडपाशी येऊन बसायचे. भाकरी आली की भिंग, मग तपासणी. "टोक बोथट हाय." "ह्या पानाला शीर कमी पडली." तपासून झाल्यावर भाकरी खायचे, सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर, दोन दोन. फासळ्या दिसेनाशा झाल्या. मला हातोडीचे, छिन्नीचे किस्से सांगायचे. निलेश सुरुवातीला दारातच उभा राहायचा, मग तोही स्टूल ओढून बसायला लागला. आमच्याकडे गुजरात जवळ, त्यामुळे लाडात आलं की मुलाला 'दिकरा' म्हणतात. आबा एकदा निलेशला सहज म्हणाले, "मीठ दे रे दिकरा." निलेश मीठ द्यायचं विसरून त्यांच्याकडे बघतच राहिला.

मग एके दिवशी वेल पुरी झाली. मला त्यातलं फार कळत नाही, पण एवढं कळलं. पाच पानं, मध्ये कैरी, टोकाला कळी, जिथल्या तिथे. मी ताट ठेवलं आणि वाट बघितली. आबांनी भिंग फिरवलं आणि म्हणाले, "देठ अजून खोल पायजे."

दुसऱ्या दिवशी, "शिरा अजून." तिसऱ्या दिवशी पुन्हा "देठ."

मला आधी वाटलं, म्हातारा चिकट आहे. पण भाकरी बघत होते ना मी. देठ जाडजूड व्हायला लागला. पानाच्या शिरा फुगून एकीला एक लागायला लागल्या. कैरीच्या कडेला भाकरी फाटली. नक्षी बिघडत चालली होती, आणि जो माणूस केसाएवढी चूक पकडतो त्याला ते दिसत नव्हतं? सकाळी निलेश कामावर गेला तेव्हा मी आबांसमोर बसले.

"आबा, चूक कुठे आहे आता? तुम्हीच म्हणता ना, काढलेलं पोलाद परत बसत नाही. मग का सांगताय अजून खोल?"

आबांनी भिंग खाली ठेवलं. हात कापत होते, ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

"झाला म्हटलं की जाईल तो," ते म्हणाले.

मी तिथेच रडले, आबांसमोर, पदर-बिदर न लावता. कारण मलाही तीच भीती होती. तो गेला की हेही परत खिडकीकडे तोंड करून बसणार. शेवटी डोळे पुसून म्हटलं, "आबा, पण त्याचं काम बिघडतंय."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी भिंगाला हात लावला नाही.

तिसऱ्या सकाळी मी उकड मळत होते. आबा आले, पण स्टुलावर बसले नाहीत. आयलंडच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि आपला कापरा तळवा ग्रॅनाइटवर टेकवला. निलेश दारात होता.

"पुरे, दिकरा," आबा म्हणाले. "मी चुकीचं बोललो होतो. हात हाय तुला."

एवढंच. ना दिवा फडफडला, ना वारा सुटला. शेजारी कोणाच्या तरी घरात हातोडीची ठकठक चालू होती, ती तशीच चालू राहिली. आबा बाजूला झाले आणि मला म्हणाले, "थाप."

मी थापली. भाजली. ताटात ठेवली. एकमेकींत गेलेल्या शिरा सुट्या झाल्या होत्या. देठ बारीक, डौलदार. कैरीची कड अखंड. जे पोलादात कधीच होत नाही ते झालं होतं — जास्तीचं कोरलेलं परत भरून आलं होतं. आबांनी भिंगातून बघितलं, मग भिंगाशिवाय बघितलं.

"हे मला पण नसतं जमलं," म्हणाले.

निलेश फोटोसाठी मोबाइल आणायला धावला. तो येईपर्यंत आबांनी भाकरी मोडून कालवणात बुडवली होती. आधीचे काही फोटो माझ्याकडे आहेत, पण त्यात नुसते भाजल्याचे डाग दिसतात. तुमच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशीची भाकरी कोरी आली. पांढरी, सपाट. मी तशीच ती आबांपुढे ठेवली. आबांनी भाकरीवरून बोट फिरवलं. उलटली, तिकडूनही फिरवलं. मग त्यांनी घास मोडला, चावला आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाय आज." आणि दुसरी मागितली.

याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. दगड मी अजूनही अधूनमधून तपासते. मायक्रोस्कोपखाली ठेवता येण्याजोगं काहीच मिळालं नाही. ज्यांच्याकडे खरोखर कारण असेल त्यांनी सांगा, मी ऐकेन. उगाच 'मनाचे खेळ' म्हणू नका. चार माणसांचं मन एकाच भाकरीवर एकच वेल काढत नाही.

आज २०१९ संपत आलंय. आबा ठणठणीत आहेत, पडवीत बसून गावभर गप्पा हाणतात. आमच्या आयलंडवर रोज भाकऱ्या थापल्या जातात, रोज कोऱ्या निघतात. आबा खाण्याआधी त्यांची पहिली भाकरी एकदा उलटून बघतात. तव्यावर टाकण्याआधी मीही तिला एकदा उलटून बघितलेलं असतं, ते त्यांना माहीत नाही.