पहिल्या प्रकरणावर लिहिलेली प्रस्तावना

चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या जुन्या फ्रेंच कथा मुलुंडच्या आमच्या बाईंनी सहा वर्षं खपून मराठीत आणल्या. बाई ऐंशीच्या घरातल्या, मी त्यांच्या फ्रेंचच्या वर्गातला सगळ्यात ढ. तरी प्रस्तावना त्यांनी मलाच लिहायला सांगितली. "विद्वान न वाचताच कौतुक करतात. तू निदान वाचशील." इथंच बाई चुकल्या.

अभ्यासाला म्हणून त्यांनी एक जाडजूड फ्रेंच ग्रंथ दिला. विषय एकच, विज्ञानकथा जन्मली कधी? चाळून पाहिला, तर त्यातले अभ्यासक म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. एक म्हणतो, कारखाने आले तेव्हा जन्मली. दुसरा म्हणतो, हॅट्, त्याच्या कितीतरी आधी लोक कागदावर चंद्रावर जाऊन आलेत. तिसरा म्हणतो, तेव्हा तिला ते नावच नव्हतं! अरे, बारसं उशिरा झालं म्हणून पोर जन्मलंच नाही का?

वैतागून मी साकीनाक्याला, ऑफिसखालच्या झेरॉक्सवाल्याकडून फक्त पहिलं प्रकरण काढून घेतलं. शब्दकोश घेऊन तीन आठवडे कुथत वाचलं. म्हणणं ठाम होतं: यंत्रयुगाआधीच्या चंद्रकथा म्हणजे नुसती थट्टा, विज्ञानकथा नव्हेत. झालं! बाईंच्या कथांना विज्ञानकथा म्हणणं कसं भाबडेपणाचं आहे, हे मी सात पानांत सिद्ध केलं. मला वाटलं, मी निर्भीड आहे.

बायकोने वाचून विचारलं, "ही प्रस्तावना आहे की नोटीस?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"लग्नाला जाऊन नवरीला नावं ठेवत नाहीत, एवढं तरी कळतं."

मी तिचं ऐकलं नाहीच, वर शहाणपणा करून प्रस्तावना थेट प्रकाशकाला धाडली. त्याने बाईंना फोन केला. "तुमचाच माणूस म्हणतो ही विज्ञानकथा नाही. मग मी मुखपृष्ठावर काय छापू? राहू दे हे पुस्तक."

सहा वर्षांची वाट लागली. बाईंनी मला बोलावून घेतलं.

"दुसरं प्रकरण वाचलंस?"

"नाही, बाई."

"गाढवा, पहिल्यात लेखकाने विरोधकांचं म्हणणं मांडलंय. पूर्वपक्ष! पुढे तो तेच खोडत गेलाय. आपल्याकडे शास्त्रीबुवा हेच करत आले, आणि तुला कळू नये?"

"मी नवीन लिहून देतो."

"हात लावू नकोस. आयता पूर्वपक्ष मिळालाय. उत्तर मी लिहिते."

बाईंनी अकरा पानं लिहिली. प्रकाशकाला ती जुगलबंदी इतकी आवडली की त्याने पुस्तक छापायला घेतलं. आता पुस्तकात आधी मी छातीठोकपणे चुकतो, आणि मग बाई मला धुतात, तेही कायमचं, पुठ्ठा बांधणीत. ओळखीचे लोक फक्त बाईंची पानं वाचून मला फोन करतात. बायकोने तर त्यातल्या ओळी पाठ केल्यात.

माझ्या प्रतीवर बाईंनी लिहिलंय, 'उरलेली पानं वाच.' वाचतोय. दुसऱ्या प्रकरणातच अडकलोय, आणि हा गृहस्थ तिथे आणखी तिघांचं म्हणणं मांडत बसलाय.