देवघरातला सर्व्हर

"तू नको. तू बाहीरच थांब, लेकरा."

झेंडूचा हार माझ्या हातात. उजवा पाय उंबऱ्याच्या आत, डावा बाहेर. असा मी मधेच लटकलेला. समोर पाटावर काळा डबा. त्याला हळदीकुंकू, वर अक्षता, बाजूला उदबत्ती. आणि काकू, म्हणजे आमच्या मालकाच्या आई, आरतीचं ताट धरून माझ्याकडं बघत होत्या. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या मायेनं बघत होत्या. रांगतं लेकरू चुलीकडं निघालं की बाई जशी बघते, तसं.

मी पाय मागं घेतला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी हसलो. "हाव काकू, चुकलं," म्हणालो. हार विनूदादाच्या हातात दिला, आणि वर त्याला सांगितलं, "नीट मधोमध घाल." म्हणजे बघा, बाहेर काढलेला माणूस आतल्या सजावटीवर सूचना देतोय. असला मी.

दिवस खंडेनवमीचा. लातुरात त्या दिवशी ज्याचं जे अवजार, त्याची पूजा. आडतीत काट्याची, गॅरेजात पान्यांची, शिंप्याकडं मशीनची. आमच्या ऑफिसचं अवजार म्हणजे सर्व्हर. खरं सांगायचं तर मला पूजेशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या आहेत. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला हार घेऊन उभं पाहिलं असतं तर तिथंच कान धरला असता. मला फक्त तो डबा बघायचा होता. कामाला लागल्यापासून रोज मी त्याच्याशी वायरीनं बोलत होतो. तो दिसतो कसा, हे मला माहीत नव्हतं.

ऑफिस मालकाच्या घरातच. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागं घर. डाळ मिल आणि आडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवायचं काम. सगळा डेटा एकाच मशीनमध्ये, आणि आमच्या मशीन तिला जोडलेल्या. ती एक मशीन होती देवघरात. कारण साधं. इन्व्हर्टर तिथं, गारवा तिथं, धूळ नाही, चप्पल जात नाही, चोर जात नाही. आणि मीही जात नाही. हे शेवटचं कारण कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

त्याला जबाबदार मीच. मुलाखतीत साहेबांनी, म्हणजे मालकांनी, गाव विचारलं. चाकूर तालुक्यातलं सांगितलं. आडनावावरून काही कळत नव्हतं बिचाऱ्यांना. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गावात घर कुठल्या अंगाला?" शहाण्यानं म्हटलं असतं, हाय एका अंगाला. मी पार्सलवाल्याला सांगावं तसा पत्ता सांगितला. एसटी थांब्यावरून खाली उतरा, निळी कमान लागेल, कमानीतून आत, समाजमंदिराच्या मागं तिसरं घर. साहेब म्हणाले, "असं का. बरं." आणि मला वाटलं, काय जिव्हाळ्यानं चौकशी केली माणसानं.

पहिल्या दिवशीच मी अक्कल दाखवली. क्लासात आम्ही ज्या मशीनवर शिकलो, तिच्यातच सर्व्हर असायचा. पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहायचं, म्हणजे ह्याच मशीनमध्ये बघ. इथंही मी तेच लिहिलं. जोडणी होईना. पासवर्ड बदलून बघितला. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. मशीन बंद करून चालू केली. दुपारी डबासुद्धा खाल्ला नाही. संध्याकाळी विनूदादा, आमच्यातला सगळ्यात जुना माणूस, मागं येऊन उभा राहिला.

"काय करायलास रे?"

"सर्व्हर सापडंना, दादा."

त्यानं पडद्यावर बघितलं आणि पोट धरून हसला. "अरे येड्या, तुझ्या मशीनीत कुठून आला सर्व्हर? तो आत हाय, देवघरात."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यानं खरा पत्ता घालून दिला आणि शिकवलंही. "आधी बघायचं, मशीन जागी हाय का. मग तिचं दार उघडं हाय का. मग आपलं नाव तिथं हाय का. पासवर्ड सगळ्यात शेवटी. ही पायरी सोडायची न्हाई." आजही मी ह्याच पायऱ्यांनी जातो. चांगला माणूस होता विनूदादा. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

साहेबांनी शब्द दिला होता, "दसरा झाला की तुला पक्कं करतो." हे मी घरी सांगितलं आणि अण्णांनी सगळ्या वस्तीला. अण्णा लातुरातच एका कोचिंग क्लासच्या दारावर वॉचमन, आमचं बिऱ्हाडही तिथंच. येणाऱ्या-जाणाऱ्या मास्तरांनासुद्धा त्यांनी सांगितलं होतं, आमचं पोरगं कंप्युटरात पक्कं व्हायलंय. त्यामुळं खंडेनवमीला मी हसलो. पाय मागं घ्यायला काय जातं? पक्कं व्हायचं होतं.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं. बाकीची पोरं अजून गावाकडं, विनूदादा सासरवाडीला धर्माबादला. ऑफिसात मी आणि साहेब. बाहेर सोफ्यावर एक डाळ मिलवाले शेठ चहा घेत बसलेले. नवीन सॉफ्टवेअर बघायला आले होते. मी माझ्या मशीनवरून जोडणी केली. नाकारली. परत केली. परत नाकारली.

मी पायरीपायरीनं गेलो. मशीन जागी होती, ओ देत होती. दार मात्र बंद. पूजेसाठी मशीन बंद केली होती. नंतर कुणीतरी चालू केली, पण तिच्या आतला डेटाबेस आपोआप चालू होत नव्हता. तो दरवेळी विनूदादा हातानं चालू करायचा. विनूदादाला फोन लावला.

"हां, मग आत जाऊन चालू कर की. दोन मिनिटांचं काम हाय," तो बोलून गेला. मग फोनवर नुसतं बायकापोरांचं बोलणं ऐकू आलं. मग हळूच म्हणाला, "असं कर. साहेबाला बसव तिथं. तू बाहीरून सांग."

तो हे किती सहज म्हणाला. ह्याचंही एक बटन असल्यासारखं.

काकू आतच होत्या. त्यांनी साहेबांना सांगितलं, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, "त्यानं पाय टाकला व्हता त्या दिवशी आत. म्हणून बंद पडलं." आणि त्या दुपारच्या झोपेला निघून गेल्या. एका पायानं सर्व्हर बंद पाडणारा मी. माझ्या पायात एवढी ताकद आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

साहेब पाटाशेजारी मांडी घालून बसले. मी उंबऱ्याबाहेर उभा. साहेबांना कंप्युटरचं म्हणाल तर मोबाईलवर फॉरवर्ड करण्याइतकंच यायचं. ते ऑफिसचे मालक होते, कंप्युटरचे नव्हते. आणि मी असला गुरू की ज्यानं त्या मशीनला कधी हात लावला नाही, पडदाही दारातून तिरपा दिसतोय.

"साहेब, आधी पासवर्ड टाका."

"सांग."

विनूदादानं फोनवर दिला होता तो मी सांगितला. सगळी छोटी अक्षरं, पुढं आकडे. दारातून, मोठ्यानं. सोफ्यावरच्या शेठलाही पाठ झाला असेल.

"चुकलाय म्हणतंय."

"कॅप्स लॉक बघा, साहेब. डाव्या बाजूला."

"बंद आहे."

"परत टाका. सावकाश."

"चुकलाय."

पडद्यावर नुसते ठिपके. काय उमटतंय ते त्यांना कळेना, मला दिसेना. मी विनूदादाला परत विचारलं. पासवर्ड तोच. मी साहेबांना एकेक अक्षर सांगितलं, बालवाडीत सांगतात तसं. मी घामानं भिजलेलो, ते घामानं भिजलेले. मधे एकदा मी चुकून त्यांना मशीनच बंद करायला लावली. वाटलं, नव्यानं चालू झाली की जमेल. जमलं नाही. बाहेरून शेठ खाकरले. साहेबांनी माऊस आपटला.

"तुला सांगता येत नाही का रे नीट? भरती करतात, शिकवतात, पण तुमच्या लोकांना साधं सांगतासुद्धा येत नाही."

तुमच्या लोकांना.

खरंच, त्या क्षणीसुद्धा माझं डोकं पासवर्डातच अडकलं होतं. पहिल्या अक्षराच्या आधी जागा तर सुटत नसेल? असला मी.

मग साहेब उठले. घरात डोकावून बघून आले. आणि आवाज खाली आणून म्हणाले, अगदी मित्रासारखं, "ये. आई झोपलीये. पटकन आत ये, कर आणि जा. कुणाला कळत नाही. नाहीतर शेठ निघून जाईल."

दार समोर. ज्या मशीनसाठी मी हार घेऊन धावलो होतो ती पाच पावलांवर. जमिनीवर कुंकू सांडलेलं दिसत होतं. माझं पक्कं होणं तिथं होतं. अण्णांनी वस्तीत सांगितलेलं सगळं तिथं होतं. दोन मिनिटांचं काम.

पाय उचलला गेला नाही.

खंडेनवमीला "बाहीर थांब" म्हटलं तेव्हा मी हसलो होतो. आणि आता "आत ये" म्हटलं तर मी उंबऱ्याबाहेरच. बाई मला बाहेर ठेवत होती ते उघड्यावर, सगळ्यांदेखत. हा माणूस मला आत घेत होता तो चोरासारखा. त्याला माझा विटाळ नव्हता. त्याला फक्त त्याची आई जागी व्हायला नको होती. म्हणजे त्याला ठाऊक होतं की ह्यात काही नाही. ठाऊक असून इतके महिने त्यानं मला दारात ठेवलं.

"साहेब, काकूंना उठवा."

"काय?"

"काकूंना उठवा. त्यांच्यासमोर म्हणा, आत ये. मी येतो. लपून येणार नाही."

साहेबांनी आतल्या दाराकडं बघितलं. मग हसल्यासारखं केलं. "अरे बाबा, वेळ काय आहे, तू काय बोलतोस? म्हातारं माणूस आहे. समजून घे ना."

"समजून घेऊनच इथवर आलो, साहेब."

"मग चालता हो."

मी चालता झालो. शेठच्या समोरून. गडबडीत जेवणाचा डबा ऑफिसात विसरलो तो विसरलोच. एवढं मोठं बोलून बाहेर पडलो आणि रिक्षाला हात केला, तर खिसे चाचपल्यावर कळलं, पाकीट पण टेबलावरच. मग चालत. ऊन डोक्यावर. रडू येत होतं, आणि मी रडतोय हे बघून रस्त्यावरच्या कुणी विचारलं तर काय सांगावं ह्याची जुळवाजुळव करत होतो. डोळ्यात काहीतरी गेलं, एवढंच सुचलं.

विनूदादाचा फोन रात्री आला. तो गाडी करून परत आला होता. "अरे, शिफ्टच्या बटनाखाली पूजेची अक्षता अडकली व्हती. बटन दबूनच राहत व्हतं. सगळी अक्षरं मोठी, आकड्यांची चिन्हं. दारातून कसं दिसणार?" तो हसत होता. मीही हसलो. मग त्यानं विचारलं, "उद्या यायलास ना?"

"तू आत गेलास ना, दादा? तुला कुणी थांबवलं न्हाई ना?"

तो परत अक्षतेचंच सांगायला लागला. मी फोन ठेवला.

अण्णांना मी सगळं सांगितलं. वाटलं, बावीस प्रतिज्ञांचं घर आहे, पाठीवर हात पडेल. अण्णांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. म्हणाले, "मी जन्मभर दारातच उभा हाव की. माझं काय वाईट झालं? दार सोडून तू कुठं जाणार हायस?"

दुसऱ्या दिवशी ते वॉचमनच्या ड्रेसवरच साहेबांकडं गेले. मला न सांगता. परतले तेव्हा चेहरा फुललेला. हातात माझा डबा आणि पाकीट.

"मिटलं. मी हात जोडले, म्हणलं लेकरू हाय, चुकलं त्याचं. मालक माणूस चांगला हाय. म्हातारीच्या पण पाया पडलो. ये म्हणलेत उद्यापासून. पक्कं करतो म्हणलेत."

कुठं उभं राहून जोडले हात, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

"अण्णा, मी जाणार न्हाई."

त्यांनी डबा खाली ठेवला. जेवले नाहीत. त्यांनी त्या दिवशी हात जोडून जे आणलं होतं, ते मी त्यांच्यासमोरच फेकून दिलं. मला ते कळत होतं. तरी मी गेलो नाही. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे, मग तेही आईमार्फत.

आता मी नांदेडला असतो. दुकानांत, दवाखान्यांत जाऊन अडलेल्या जोडण्या सुरू करून देतो. चुका अजून करतो. परवा एका डॉक्टरांच्या मशीनशी तासभर झटत बसलो होतो आणि तिची वायरच भिंतीतल्या प्लगात नव्हती. पण एक काम मी करत नाही. दारातून सांगत नाही. "सर्व्हर आत हाय, तुम्ही बाहीर बसा, आमचा माणूस करल" म्हटलं की बॅग उचलतो. काही गिऱ्हाइकं ह्यापायी गेली. जाऊ देत.

अण्णा थकलेत. क्लासवाल्यांनी त्यांना कमी केलं. मागच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून नुसतं "जेवलास का" विचारलं. मी हो म्हणालो. एवढंच झालं आमचं बोलणं.

त्यांनी माझ्या नावानं त्या घरात एक माफी मागितली आहे. मी ती मागितली नव्हती. माझं काही चुकलं नव्हतं. ती माफी अजून तिथंच पडून आहे, त्या लोकांच्या मालकीची होऊन. मी जाणार आहे लातूरला. भर दुपारी नाही, सकाळी, काकू जाग्या असताना, साहेब समोर असताना. अण्णांना सोबत घेऊन, आले तर. नाही आले तर एकटा. नोकरी मागायला नाही, भांडायलाही नाही. अण्णांचे जोडलेले हात परत मागायला.

देत नाहीत तोवर तिथून हलणार नाही.