मुहाब्बत आपांचं स्वस्त विमान

पडदा वर जातो: ताश्कंदमधलं अंगण, द्राक्षांचा मांडव, हिरव्या चहाची किटली आणि फोनमध्ये डोकं खुपसून बसलेल्या आमच्या शेजारच्या मुहाब्बत आपा.

नातवंडांना कझाकस्तानातल्या अल्माटीच्या बर्फावर स्कीइंगला न्यायचं होतं. अखेर स्वस्त विमान सापडलं. तिकिटं काढण्याआधीच आपांनी बातमी गल्लीभर वाटली; त्यांना सुख एकटीला पचत नाही. शेजाऱ्यांनी भराभर जागा घेतल्या आणि भाडं दुप्पट झालं. नातवंडं हिरमुसली.

मग आपांनी नवी वाट शोधली: टॅक्सीनं सीमा ओलांडून पलीकडचं चिमकेंत शहर गाठायचं, तिथून अल्माटीचं विमान अगदी स्वस्त.

“आई, आधी तिकिटं काढा, मग तोंड उघडा,” सून म्हणाली.

“मी काय वेडी आहे?” म्हणत आपा उठल्या, कुंपणाच्या भिंतीशी गेल्या आणि ओरडल्या, “अगं दिलफुझा, तुझी तिकिटं परत कर! चिमकेंतहून आणखी स्वस्त आहे!”