दिवसा जळणारा दिवा

उजाडलं की सावळीराम निरभवणे घरातले दिवे बंद करत फिरायचे. आधी मोरीतला, मग स्वयंपाकघरातला, मग गॅलरीतला, आणि शेवटी पायात चपला सरकवून जिन्यातला. जिन्यातला दिवा सगळ्या इमारतीचा होता, पण तो बंद करायचा हक्क आपलाच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बयाबाई दूध आणायला निघालेल्या असायच्या आणि नेमक्या अर्ध्या जिन्यात अंधारात सापडायच्या.

"ओ नाना, मी अजून पायरीवर हाय! दिसू तर द्या!"

"उजाडलंय, बयाबाई. डोळे उघडा."

"तुमच्या गॅलरीत उजाडलं आसंल. जिन्यात कुठं उजाडलंय?"

नाना ऐकून घ्यायचे आणि तसेच वर निघून यायचे. ही सवय त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत सोडली नाही. सोडली ती एकाच दिव्यापुरती, आणि तेवढ्यासाठी त्यांना एक अख्खा पावसाळा लागला.

नाना महापालिकेच्या विद्युत विभागात होते. त्या काळी सातपूरच्या त्या बाजूला प्रत्येक गल्लीचे दिवे खांबावरच्या एका लोखंडी डब्याला जोडलेले असत. संध्याकाळी सायकलवरून जायचं, डबा उघडायचा, खटका वर करायचा. सकाळी पुन्हा तीच फेरी, खटका खाली. पुढे डब्यांमध्ये घड्याळं बसली आणि दिवे आपले आपण लागायला, विझायला लागले. नाना निवृत्त झाले, पण त्यांच्या बोटांना कुणी निवृत्त केलं नव्हतं. दिवसा जळता दिवा दिसला की हात शिवशिवायचा. "दिवसा जळणारा दिवा म्हणजे कुणीतरी कामावर आलं नाही, याची चुगली," असं ते म्हणायचे. रस्त्यातून जाताना एखादा खांब भर दुपारी पेटलेला दिसला, तर पुढचा अर्धा रस्ता त्यांच्या मनाला चैन पडत नसे.

नात मनाली लहानपणी त्यांच्यामागून फिरायची. जिन्यातलं बटण हाताला लागावं म्हणून ती नानांच्या पावलांवर उभी राहायची. पुढे शाळा, क्लास, मैत्रिणी आल्या आणि नानांची फेरी पुन्हा एकट्याची झाली. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. मुलं मोठी होतात. वाईट वाटलं ते अकरावीच्या पावसाळ्यात.

त्या वर्षी त्र्यंबकच्या बाजूनं ढग उतरले ते हललेच नाहीत. अंजनेरीचा डोंगर दिसेनासा झाला. नदीत दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. मनाली आधी उशिरा उठू लागली, मग दुपारी उठू लागली, मग उठून पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडू लागली. कॉलेज सुटलं. बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, वाचन असायचं. आषाढी पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी कुणीतरी ग्रंथाची पानं मोठ्यानं वाचायचं, बाकीचे ऐकायचे. मनालीचा आवाज खणखणीत होता, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी तिची पाळी ठरलेली. त्या वर्षी ती एकदाही गेली नाही. लोक नानांना विचारत, "नात कुठंय?" नाना म्हणत, "अभ्यास." घरी येऊन पाहावं, तर नात पांघरुणात.

एकदा ते तिच्या पायथ्याशी बसले. म्हणाले, "काय होतंय, बाळ?"

"काही नाही."

"मग?"

भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "मी घरात आहे की नाही, मलाच कळत नाही, नाना."

त्या वाक्यानं नानांचं बसणं-उठणं बिघडवलं. ते गॅलरीत जात, आत येत, पुन्हा गॅलरीत जात. दिवाळीच्या सुमारास ऊन पडलं आणि पोरगी हळूहळू माणसांत आली, जणू काही झालंच नव्हतं. सगळे म्हणाले, वयच तसं. पण मनालीची आई अंजली दिंडोरीकडच्या एका शाळेत शिकवायची. मुलांकडे बघायची तिला सवय होती. दहावीच्या पावसाळ्यातही थोडं असंच झालं होतं, हे तिच्या लक्षात आलं. बारावीचा जून लागला, पहिले ढग आले, मनालीनं ताटातला भात चिवडून बाजूला सारला, आणि अंजलीनं दुसऱ्याच दिवशी शहरातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नानाही बरोबर गेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मनालीशी एकटीशी पुष्कळ वेळ बोलून मग सगळ्यांना आत घेतलं. "काही मुलांना ऋतू लागतो," त्या म्हणाल्या. "थंड देशांत हिवाळ्यात होतं, आपल्याकडे कुणाकुणाला ढगांत होतं. हा आळस नाही. ती माझ्याशी बोलायला येत राहील. शिवाय एक दिवा येतो खास, भरपूर उजेडाचा. उठल्या उठल्या त्याच्यासमोर अर्धा तास बसायचं. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. वाचा, चहा प्या, काहीही करा. रोज मात्र. संध्याकाळी नको, झोप उडेल."

नानांनी घसा खाकरला. "म्हणजे सकाळी दिवा लावायचा?"

"हो, आजोबा."

"उजाडल्यावर?"

"उजाडल्यावरच."

नानांनी वर पाहिलं. दवाखान्यात भर दुपारी सगळ्या ट्यूब जळत होत्या.

नानांचा मुलगा रवी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होता. त्यानं तो दिवा मागवला. खोक्यातून शाळेच्या पाटीएवढी एक पांढरी चौकट निघाली. लावल्यावर खोली अशी उजळली, की भिंतीवरचे पोपडे दिसायला लागले. बयाबाई साखर मागायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. "अगं बया! पोरीला फोटो काढायला बसवलंय का काय?"

मनाली हसली नाही. पण बसली.

रोजचा क्रम ठरला. रवी पहिल्या पाळीला जायचा. अंजली निघण्याआधी मनालीला उठवून टेबलाशी बसवायची, दिवा लावायची, चहाचा कप समोर ठेवायची आणि बस गाठायला पळायची. मागे उरायचे नाना आणि नात. पाऊस कोसळत राहिला. दिवस गेले, आठवडे गेले, आणि मनालीत काही फरक पडेना. चहावर साय धरायची. कॉलेजच्या बॅगेला बुरशीचा वास यायला लागला. वर्षावास सुरू झाला आणि विहारातून पुन्हा विचारणा झाली, "नात कुठंय?" नानांना यावेळी 'अभ्यास' म्हणवेना.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज बसते ना, पूर्ण अर्धा तास?"

"रोज," अंजली म्हणाली. मनाली खाली बघत होती.

"मग आपल्याला गोळ्यांचा विचार करावा लागेल. घाबरू नका. पण दिव्यानं थोडा तरी फरक दिसायला हवा होता."

घरी आल्यावर रवी चिडला. "दिवाच बोगस असणार. नाना, तुम्ही बघा बरं उघडून."

नानांना काम मिळालं. चष्मा चढवून, स्क्रू काढून त्यांनी त्या चौकटीचं पोट उघडलं, तारा तपासल्या, टेस्टर लावला. सगळं ठणठणीत. "माल चांगला आहे," त्यांनी निकाल दिला, आणि मनातून ते आणखीच अस्वस्थ झाले. माल चांगला आणि तरी उजेड पोचत नाही, म्हणजे खोट मधल्या कुठल्या तरी जोडात असते, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. त्यांनी ठरवलं, उद्या आपण स्वतः नजर ठेवायची.

दुसऱ्या दिवशी अंजली गेली. बाहेर राखेच्या रंगाचं उजाडलं होतं. मनाली दिव्यासमोर बसलेली, कप जवळ, हात मांडीवर. नाना मागच्या खुर्चीत बसले. दिवा नीट जळत होता. लुकलुक नाही, आवाज नाही. तेवढ्यात त्यांना मोरीतला बल्ब दिसला. ते उठले, तो बंद केला. स्वयंपाकघरातला केला. गॅलरीतला केला. जिन्यातला करून आले, बयाबाईंची बोलणी खाल्ली, चपला काढल्या, खोलीत आले.

आणि खोली अंधारली.

नाना जागच्या जागी उभे राहिले. लाइट गेली असं त्यांना वाटलं. मग त्यांनी आपला हात पाहिला. बोट भिंतीवरच्या बटणावर होतं.

मनालीनं मान वळवली नाही. ती फक्त खुर्ची मागे सारून उठायला लागली, रोजचं काम संपल्यावर उठावं तशी.

"थांब," नाना म्हणाले. "हे मी रोज करतो?"

"रोज."

"रोज?"

"जिन्यातून आलात की. मोरी, किचन, गॅलरी, जिना, मी."

"मग बोलली का नाहीस, बाळ? एकदा ओरडायचंस माझ्यावर."

मनालीनं खांदे उडवले. पाऊस पत्र्यावर वाजत होता. "आधी वाटलं सांगावं. मग वाटलं, सुटलं आजचं. बंद झाला तर झाला." तिनं कप बाजूला सारला. "आणि तुम्ही इतकं मन लावून बंद करता, नाना."

संध्याकाळी सगळे जमल्यावर नानांनी उभ्यानंच सांगून टाकलं, "दिव्यात खोट नाही. माझ्या हातात आहे." रवीला आधी हसू आलं, मग त्यानं ते गिळलं. अंजलीची पोळी तव्यावर करपली. "पोरीला उजेड मिळतच नव्हता," ती हळूच म्हणाली, "आणि आपण डॉक्टरांना हो हो म्हणत होतो." तिनं 'तुम्ही' म्हटलं नव्हतं, 'आपण' म्हटलं होतं. नानांना ते जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, मग पहिल्यापासून सुरू करा.

नानांनी जुन्या हत्यारांच्या पेटीतून काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं आणि त्या बटणावर आडवी-उभी पट्टी मारली. लाइनवर माणूस काम करत असला, की खाली खटक्यावर अशी पट्टी मारायची. म्हणजे चुकून कुणी हात लावत नाही. इथं वर काम करणारी त्यांची नात होती. दिवा आता त्याच्या स्वतःच्या वायरवरच्या बटणानं लागायचा. पण पहिल्या दिवशी बोटं पट्टीपर्यंत गेलीच, आणि दुसऱ्या दिवशीही. शेवटी त्यांनी फेरीच बदलली. जिन्यातला, गॅलरीतला, मोरीतला दिवा अंजली निघायच्या आत बंद करायचा आणि मग मनालीशेजारी खुर्ची ओढून बसायचं. दोन्ही हात मांडीखाली.

तो अर्धा तास त्यांना फार लांब वाटायचा. दिवसाढवळ्या दिवा जळतोय, आणि आपण त्याच्यासमोर बसलोय! त्यांचे पाय हलायचे. ते विषय काढायचे. कुठल्या डब्यात खारीनं पिल्लं घातली होती, कुठल्या गल्लीतले लोक लग्नासाठी रात्रभर दिवे मागायचे, कुठल्या खांबावर शॉक बसून आपण चिखलात पडलो आणि उठून आधी सायकल शोधली. मनाली ऐकायची की नाही, कळत नसे. पुष्कळदा ती टेबलावर डोकं टेकायची. एका सकाळी ती उठलीच नाही, आणि नाना एकटेच त्या उजेडात बसून राहिले, बंद न करता.

मग एकदा चहावर साय धरली नाही. नानांनी पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

भाद्रपदातली गोष्ट. नाना टेबलावर वाकून चष्म्याची काडी शोधत होते. मनाली रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसली होती. अचानक ती वैतागून म्हणाली, "सरका ना, नाना! उजेड अडतोय माझा!"

नाना पटकन बाजूला झाले. खुर्ची उचलून कोपऱ्यात नेली आणि तिथंच बसले. काडीचं विसरूनच गेले. कित्येक महिन्यांनंतर ती कुणावर तरी ओरडली होती.

सगळं लगेच सुरळीत झालं, असं नाही. मध्येच दोन-चार दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड व्हायचं. डॉक्टरीणबाईंकडे जाणं चालू राहिलं. पण कॉलेजची बॅग धुतली गेली. वर्षावास संपायची आश्विन पौर्णिमा जवळ आली, तेव्हा मनाली एका संध्याकाळी विहारात गेली आणि एक पान वाचून आली. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता. मागच्या रांगेतल्यांनी "जरा मोठ्यानं, ताई" म्हटलं. तिनं वाचलं मोठ्यानं. नाना दाराशी उभे होते. विहाराच्या पायरीवरचा दिवा संध्याकाळीच लागला होता, त्यामुळे त्यांना त्याचं काही करायचं नव्हतं.

नाना गेले ते पुढच्या जुलैत, दुपारी जेवून आडवे झाले तेव्हा, कुणालाही त्रास न देता. बारावी झाली होती, मनाली कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, आणि ढग पुन्हा उतरले होते. त्या सकाळी अंजलीनं तिला उठवलं नव्हतं. ती आपली आपण उठली, टेबलाशी बसली, तिनंच दिवा लावला. नाना थोडे उशिरा जागे झाले होते. चपला शोधत ते दारापर्यंत गेले, वळून त्यांनी त्या पांढऱ्या उजेडाकडे पाहिलं, आणि नेहमीच्या घाईनं म्हणाले,

"तुझा तेवढा राहू दे. मी जिन्यातला बंद करून येतो."