सुताराचं शपथपत्र

माझे वडील यवतमाळच्या तहसील कचेरीबाहेर अर्जनवीस होते. एक टाइपरायटर, एक स्टूल आणि एक छत्री, एवढंच त्यांचं ऑफिस. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे आणि सही किंवा अंगठा घेण्याआधी अख्खा अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचे, मागे कितीही रांग लागो. मी वकील झाल्यावर ही सवय उचलली, पण खरं सांगते, आनंदानं नाही. अशील जांभया देतो, अर्धा तास जातो आणि मी मुळातच उतावळी.

त्या शुक्रवारी तर माझं डोकं आधीच तापलं होतं. बाभुळगावचं एक जोडपं समोर बसलं होतं. नवरा मोटारपंपांचं वाइंडिंग करणारा मिस्त्री, बायको शिवणकाम करणारी. तिला मी पहिल्या दिवसापासून भाभी म्हणू लागले. त्यांच्या हातात कागद होता: येत्या बुधवारी सकाळी अकरा वाजता तहसीलदार पोलीस घेऊन येतील आणि घराचा ताबा फायनान्स कंपनीला देतील. घर गहाण होतं. मिस्त्रीचा हात मोडला, काम बंद पडलं, हप्ते थकले. यातलं काहीच त्यांनी लपवलं नाही.

"देनं हाये, ते देनारच," मिस्त्री म्हणाला. "पण घर घ्याच्या आधी सांगतीन तं खरं! आमाले तं हा पयला कागद भेटला."

कायद्यानं आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. मी कागद काढले. नोटीस दिली होती म्हणे. पोस्टाचं पाकीट परत आलं, म्हणून माणसं पाठवून "घर बंद असल्याने नोटीस दर्शनी दारावर डकवली" असा पंचनामा केलेला. खाली दोन पंचांच्या सह्या. तिथून पुढे गाडी सुसाट: साठ दिवस संपले, कलेक्टरांचा आदेश झाला, ताब्याची तारीखही पडली. अशा पंचनाम्याला आम्ही वकील टेबल पंचनामा म्हणतो. जागेवर कुणी जातच नाही; टेबलावर चहा, चहाशेजारी पंचनामा. पण आपल्याला ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. माझ्याकडे उत्तर एकच होतं, 'आम्ही नोटीस पाहिली नाही', आणि ते तर प्रत्येकच कर्जदार म्हणतो.

रविवारी दुपारी ती दोघं सह्या करायला माझ्या घरी आली. मंगळवारी नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज लावायचा होता. घाईघाईत मी एका जुन्या अर्जावरून नवा अर्ज बेतला होता. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. "करा इथं सही" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण वडिलांचा चेहरा आठवला आणि मी वाचू लागले, आगगाडीच्या वेगानं. 'दारावर डकवलेली नोटीस अर्जदारांनी कधीही पाहिली नाही', इथवर आले तेव्हा भाभीनं मला थांबवलं.

"वकीलबाई, दार कोनतं?"

"तुमच्याच घराचं. दुसऱ्या कोणाचं?" मी खेकसलेच.

"पण तवा दारच तं नोतं."

मी कागद खाली ठेवला. दाराला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती, म्हणून ते काढून सुताराकडे दिलं होतं. आठ दिवसांत देतो म्हणाला आणि लग्नसराईचे पलंग-कपाटं करण्यात दीड महिना घालवला. तोवर घराला चादर टांगलेली. रात्री मिस्त्री आतून लोखंडी पलंग आडवा लावायचा. पंचनाम्याची तारीख त्या दीड महिन्याच्या बरोबर मधली होती. म्हणजे ज्या घराला दारच नव्हतं ते घर 'बंद' होतं आणि नसलेल्या दारावर नोटीस डकवली होती!

"अहो, हे शुक्रवारी काहून नाही सांगितलं?"

मिस्त्री खाली पाहत म्हणाला, "आमच्या घराले दार नाई, चादर हाये, हे का सांगाची गोष्ट होये?"

आणि मी तरी कुठं विचारलं होतं? दोन तास कागदांबद्दल विचारलं, घराबद्दल एक शब्द नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याच क्षणी हसूही आलं.

सोमवारी सकाळी आम्ही सुताराच्या दुकानात. माणूस बेरकी. दुरुस्तीला आलेल्या वस्तूचा तो आधी फोटो काढून ठेवायचा, नंतर गिऱ्हाईकानं 'हे तूच फोडलं' म्हणू नये म्हणून. मोबाइलमध्ये दार आलं त्या दिवसाचा फोटो होता, परत गेलं त्या दिवसाचाही, दोन्ही तारखेनिशी. पण शपथपत्र म्हटल्याबरोबर त्यानं रंधा खाली ठेवला.

"मॅडम, दार दीड महिना माह्याकडं पडून होतं, हे कागदावर आलं तं मले उद्या ऑर्डर कोन देईन?"

मी समजावलं, मग चिडले, मग पुन्हा समजावलं. तो ढिम्म. शेवटी भाभी पुढे झाली.

"भाऊ, दीड महिना तू रोज 'उद्या देतो' म्हने. मी एक दिवस तरी भांडली का तुयाशी?"

सुतारानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "आना कागद." त्यालाही सगळं वाचून दाखवलं. 'विलंब' या शब्दावर तो अडला. तिथं 'कामाच्या व्यापामुळे' असं घालायला लावलं आणि मगच सही केली.

मंगळवारी कंपनीच्या वकिलांनी पंचनामा ठसक्यात वाचला. मी सुताराचं शपथपत्र आणि फोटो पुढे केले. न्यायाधीशांनी तारखा दोनदा पाहिल्या आणि डकवलेल्या नोटिशीचा मूळ फोटो मागितला. फाइलमध्ये काळीकुट्ट झेरॉक्स होती, मूळ फोटो नव्हता. ताब्याला स्थगिती मिळाली. पुढे कंपनीनं ती नोटीस मागे घेतली, नव्यानं बोलणी झाली, हप्ते बांधून मिळाले. मिस्त्रीचा हात बरा झाला आणि आजही ते फेडतायत.

पण त्या मंगळवारी हे कुणालाच माहीत नव्हतं. मी कॉरिडॉरमधून फोन लावला. भाभीनं उचलला. उद्या कुणी येणार नाही, एवढं मी सांगितलं.

"मंग बाई," ती हळूच म्हणाली, "टेम्पोत भरलेलं सामान उतरवू का?"

मला टेम्पोचा पत्ताच नव्हता. माझ्याबरोबर सुताराकडे आली, त्याला राजी केलं, मला धीर दिला आणि घरी जाऊन मारेगावला माहेरी जायचं सामानही बांधलं. ही तात्पुरती स्थगिती आहे, पुढची तारीख आहे, असं सगळं मला सांगायचं होतं.

"उतरवा, भाभी," मी म्हणाले. "आधी शेगडी उतरवा."

तिनं फोन तसाच चालू ठेवून नवऱ्याला हाक मारली. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून भांडी उतरवल्याचा आवाज ऐकत राहिले. कंपनीचे वकील शेजारून गेले, त्यांनी विचारलं, "काय झालं, रडताय का?" मी हो म्हणाले.