कुलपाखालची सही

आमच्या बागेतलं स्वच्छतागृह नऊ वर्षं एकाच बाईनं धुतलं. दाराची किल्ली दोरीत ओवून ती कमरेला बांधायची, म्हणून सगळे तिला किल्लीमावशी म्हणायचे. खरं नाव कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर बागसमितीचा सभासद, विमा कंपनीतून निवृत्त झालेला, लोकांची नावं लिहिण्यात जन्म घालवलेला माणूस.

समितीनं मला एकच काम दिलं होतं. स्वच्छतागृहाच्या दारावर बाहेरून एक कागदी तक्ता लावलेला असे. सकाळी सहाला आणि दुपारी चारला सफाई झाली की मावशी त्यावर वेळ आणि शेरा लिहायची, आणि दर शनिवारी फिरून येताना मी आठवड्याच्या खाली सही ठोकायचो. सहीसाठी चष्मा लागत नाही.

मावशीचं काम चोख होतं. नाकाला फडकं बांधून ती आत शिरायची, फरशी खराट्यानं घासायची, शौचाची भांडी ब्रशनं, आणि सगळं झाल्यावर दाराची कडी फिनेलच्या फडक्यानं पुसायची. एकदा मी विचारलं, कडी कशाला. ती म्हणाली, "हात धुतला की माणूस हीच धरतो ना, साहेब." आमच्या कुणाच्या डोक्यात हे आलं नसतं.

गेल्या वर्षी रेल्वेरुळांपलीकडची जुनी गोदामं पाडली आणि तिथं राहणारी नऊ-दहा कुटुंबं बागेच्या मागच्या टोकाला ताडपत्र्या बांधून बसली. झालं, समितीच्या अंगाची लाही लाही. आमचे सचिव कशावरही नोटीस चिकटवतात. फुलं तोडू नका, जोरात हसू नका, बाकावर पाय घेऊ नका. म्हणून पाठीमागे त्यांना नोटीसराव म्हणतात. त्यांच्या दिवाणखान्यात बैठक भरली. दंतवैद्यांच्या बायकोनं सांगितलं की ती माणसं दिसली की तिला जेवण जात नाही. हे सांगताना तिच्या हातात तिसरं बिस्किट होतं.

नोटीसरावांनी तोडगा काढला. "स्वच्छतागृहाला कुलूप घालू. पंधरा दिवसांत आपोआप जातील." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. लहान मुलं घेऊन ती माणसं पंधरा दिवस काय करतील, असं कुणी विचारलं नाही, कारण तेवढ्यात चहा आला.

दुसऱ्या दिवशी मावशीकडून किल्ली काढून घेतली आणि नवं कुलूप लावलं. ती एवढंच म्हणाली, "साहेब, पोटाला कुलूप लागत नाही." नोटीसराव म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय? रोज यायचं, तक्ता भरायचा, पगार घ्यायचा. तक्ता रिकामा दिसला तर कंत्राटदार पगार कापेल."

चार दिवसांत बाग नासली. मेंदीच्या कुंपणामागं पाय ठेवायची सोय राहिली नाही. माश्या, वास, वर ऊन. आणि आमची समिती नाकाला रुमाल लावून फोटो काढत हिंडत होती. ताडपत्रीतला एक म्हातारा काठी टेकत झुडपामागं निघाला, तर नोटीसराव मोबाइल धरून त्याच्या मागे गेले. म्हाताऱ्यानं मान वळवून पाहिलं आणि तसाच उभा राहिला. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला म्हणतात. इथं तर शेंबूड आम्हीच काढला होता आणि दुसऱ्याच्या नाकाला फासत होतो. रुमाल माझ्याही नाकाला होता.

फोटो जोडून पालिकेकडे अर्ज गेला. सोमवारी अधिकारी पाहणीला येणार असं कळलं. आता साक्षीदार हवा, म्हणून नोटीसरावांनी मावशीसाठी निवेदन टाइप करून आणलं. स्वच्छतागृह रोज दोनदा साफ होत असूनही हे लोक मुद्दाम उघड्यावर बसतात, असं त्यात होतं. सही केली की ताडपत्र्या उठणार. नाही केली तर मावशी उठणार, हेही त्यांनी तोंडानं सांगितलं.

मावशीनं निवेदन दोनदा वाचलं. मग घडी घालून परत दिलं. "माझं काय म्हणणं आहे ते तक्त्यावर लिहिलंय. तेच लावा."

नोटीसराव खूश झाले. तक्ता पूर्ण भरलेला, खाली समितीची सही, याहून पक्का पुरावा कुठला? त्यांनी माझी पाठ थोपटली आणि तक्ता फाइलला लावला. वाचला नाही. आमच्याकडे तक्ता भरलाय की नाही तेवढं बघायची पद्धत आहे.

सोमवारी अधिकारी बाकावर बसला, फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचू लागला. "सकाळी सहा, कुलूप. दुपारी चार, कुलूप. सकाळी सहा, कुलूप." तो पानभर वाचत गेला. "दुपारी चार, कुलूप. म्हातारबाबा झुडपामागं पडले. उचलून आणलं. सकाळी सहा, कुलूप." मग त्यानं मान वर केली. "दोन्ही शनिवारी खाली ही सही कुणाची?"

माझी होती. नाकारायची सोय नव्हती, इतकी ती सुवाच्य आहे.

कुलूप त्याच दुपारी निघालं. ताडपत्र्या राहिल्या. समितीनं मला घरभेदी ठरवलं. ताडपत्रीतल्या एका बाईनं रस्त्यात थांबवून हात जोडले. बायको म्हणाली, "अहो, आयुष्यात एकदा तरी हिंमत दाखवलीत." न वाचता सही केली होती, हे मी तिला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. दोन आठवडे मी फुकटची इज्जत मिरवली.

पुढच्या महिन्यात मावशीला काढलं. तक्त्यावर भलतंसलतं लिहिते, हे कारण. त्या बैठकीत मी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही, आणि कागदावर "एकमताने" असं आलं. नवा तक्ता छापला. त्यात फक्त बरोबरची खूण करायची, लिहायला जागाच नाही. जुन्या तक्त्यांचा गठ्ठा नोटीसरावांनी रद्दीत घालायला म्हणून माझ्या हातात दिला.

घरी आलो, चष्मा लावला आणि पहिल्यांदा वाचायला बसलो. कडी मोडली आहे. पाणी आलं नाही, विहिरीवरून आणलं. मग तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, हातमोजे संपले. पुढच्या आठवड्यात, हातमोजे नाहीत, फिनेलनं हात सोलले. त्याच्या पुढच्या, साहेब, हातमोजे द्यावेत. असे सतरा आठवडे, आणि त्यातल्या प्रत्येक शनिवारी त्या शेऱ्यांच्या खाली मी सही केलेली.

अठराव्या आठवड्यात तिनं मागणं सोडलं होतं. नुसत्या वेळा होत्या, सहा आणि चार, आणि खाली माझी सही.